मॉडेम जोडतोय, आयपी मिळतोय, पण एकही पान उघडत नाही

खटपट्या

नमस्कार मंडळी,

चार दिवस झाले एकाच ठिकाणी अडकलोय, आता डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय. (कमांडा देवनागरीतच टाइप करतोय, समजून घ्या.)

जुनं मशीन आहे, त्यावर लिनक्स टाकलंय. मॉडेम एक्स्टर्नल, ५६के वाला, सीरियल पोर्टला लावलेला, म्हणजे ते विनमॉडेम (अर्धं काम सॉफ्टवेअरवर सोडणारे मॉडेम) आणि ड्रायव्हरचं झेंगट नाहीये हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पहिली पाच उत्तरं त्यावरच येतील. खिडक्याबिडक्यावाला डायलर वापरत नाही. पीपीपीडी (फोनलाइनवरून नेट जोडणारा प्रोग्रॅम) आणि चॅट स्क्रिप्ट, सगळं हाताने लिहिलंय, पीअर्स फोल्डरात एक फाईल, पॅप-सीक्रेट्समध्ये युजरनेम पासवर्ड, बास.

पहिल्या दिवशी तर मॉडेम डायलच करेना. पीपीपीडी चालू केला की लगेच बंद, मॉडेमचा साधा टक्क आवाज पण नाही. मेसेज असा यायचा की रिमोट सिस्टिमने स्वतःची ओळख पटवणं आवश्यक आहे पण त्यासाठी योग्य सीक्रेट सापडलं नाही. मला वाटलं पासवर्ड चुकला. पाच वेळा परत टाइप केला, मग कनेक्शन देणाऱ्यांकडून पासवर्ड बदलून घेतला, त्यांच्या हेल्पलाइनवाल्याने तीन वेळा मशीन रिस्टार्ट करायला लावलं, काही उपयोग नाही. शेवटी कुठेतरी वाचलं की नोऑथ असा शब्द टाका, तो टाकला आणि मॉडेम बोलायला लागला.

आता प्रॉब्लेम असा की डायल होतं, ते नेहमीचं किंचाळणं होतं, कनेक्ट ४५३३३ येतं, लॉगमध्ये पॅप ऑथेंटिकेशन सक्सीडेड दिसतं, लोकल आयपी मिळतो, रिमोट आयपी दिसतो, प्रायमरी आणि सेकंडरी डीएनएस (साइटच्या नावावरून नंबर सांगणारे सर्व्हर) पण दिसतात. आयएफकॉन्फिग केलं की पीपीपी० ऐटीत बसलेला असतो. आणि ब्राउझर उघडला की काहीच नाही. पिंग केलं नावाने तर अननोन होस्ट, आणि नंबर देऊन केलं तर हे असं येतं:

फ्रॉम १९२.१६८.१.५ : डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल

एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ५७६ करून बघितला, २९६ करून बघितला, इनिट स्ट्रिंग (मॉडेमला सुरुवातीला द्यायच्या कमांडा) सात प्रकारच्या टाकून बघितल्या, फोनची वायर बदलली. एकदा मात्र गंमत झाली, परवा कॅबिनेट उघडून धूळ काढली तेव्हा नेटवर्क कार्ड बाहेर काढून ठेवलेलं, त्या संध्याकाळी नंबरने पिंग केलं तर चक्क उत्तरं येत होती (नावाने तेव्हाही नाहीच). मग कार्ड परत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्या दिवशी फोनची लाइन चांगली असावी. की मॉडेम गरम होऊन बिघडतोय? कोणाला काही सुचतंय का?

रात्रपाळी

आधी तो मॉडेम खाली ठेवा हो. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीये.

डायल-अपचं दुखणं बघताना मी कायम एकच विचारते, गाडी कुठल्या स्टेशनपर्यंत पोचली? पहिलं स्टेशन चॅट स्क्रिप्ट, म्हणजे मॉडेमला एटी कमांड देऊन नंबर फिरवणं आणि कनेक्ट येईपर्यंत थांबणं. दुसरं एलसीपी, इथे दोन्हीकडचे पीपीपी आपापसात ठरवतात की पाकिटं केवढी, ओळख कशी पटवायची वगैरे. तिसरं ओळख, पॅप किंवा चॅप. चौथं आयपीसीपी, इथे आयपी ॲड्रेस मिळतो. तुमच्या लॉगमध्ये लोकल आयपी, रिमोट आयपी दोन्ही आलेत म्हणजे गाडी शेवटच्या स्टेशनात शिरलीये, प्लॅटफॉर्मवर उभी आहे. फोनची वायर, इनिट स्ट्रिंग, पासवर्ड, ही सगळी मागची स्टेशनं, तिकडे आता परत जायचं कारणच नाही. आणि लाइन खराब असती तर पिंगची उत्तरं गळली असती, उशिरा आली असती, "अनरीचेबल" असं तोंडावर कोणी सांगितलं नसतं.

पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवते, पीपीपीडी मरतो तेव्हा एक एक्झिट कोड देऊन जातो आणि तो बघायची सवय लावली तर निम्मा वेळ वाचतो. ८ असेल तर चॅट स्क्रिप्टच फसली, म्हणजे बिझी, डायल टोन नाही असलं काहीतरी. १० म्हणजे बोलणी फिसकटली. १६ म्हणजे मॉडेमने लाइन सोडली. १९ म्हणजे आपलाच पासवर्ड समोरच्याला पटला नाही. तुम्हाला पहिल्या दिवशी १९ मिळालाच नसणार, कारण मॉडेमने डायलच केलं नव्हतं, मग पासवर्ड चुकला हे कळणार कोणाला? डायल व्हायच्या आधीच बंद पडतंय म्हणजे भांडण घरातच आहे.

आता दोन गोष्टी करा. कनेक्ट झाल्यावर लॉगमध्ये जो रिमोट आयपी दिसतो नेमका तोच पिंग करा, दुसरा कुठला नको. आणि राउट डॅश एन चं (कुठलं पाकीट कुठून जातं त्या यादीचं) सगळं आउटपुट इथे चिकटवा. लॉग पण पूर्ण द्या, तुम्हाला बिनमहत्त्वाच्या वाटलेल्या ओळींसकट.

ठोकताळा

माझ्याकडे सेम झालं होतं. कनेक्ट व्हायचं पण पान उघडायचं नाही. शेवटी निघाला सीरियल पोर्टचा चिपसेट. सेटसीरियल मारून बघा यूएआरटी (पोर्टची चिप) कुठला दाखवतोय. १६५५०ए असेल तर ठीक, त्याला १६ बाइटचा बफर असतो. ८२५० किंवा १६४५० असेल तर एकाच बाइटची जागा. आता हिशोब करा, पोर्टचा स्पीड ११५२०० ठेवला तर स्टार्ट बिट स्टॉप बिट धरून एका बाइटला १० बिट म्हणजे सेकंदाला ११५२० बाइट, म्हणजे दर ८७ मायक्रोसेकंदाला एक बाइट दारात उभा, आणि तेवढ्यात डिस्क खडखडली की प्रोसेसर तिकडे बघतो आणि इकडे आधीच्या बाइटवर पुढचा येऊन बसतो. एक बाइट गेला की अख्खं पाकीट बाद, कारण चेकसम जुळत नाही. मी तीन आठवडे लाइनवाल्यांना शिव्या घालत होतो. मग पोर्टचा स्पीड ३८४०० वर आणला आणि सीआरटीएससीटीएस टाकलं, म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल, लगेच चाललं.

तुम्ही पण तेच करून बघा, नाहीतर सरळ सगळं परत इन्स्टॉल करा.

रात्रपाळी

@ठोकताळा, यूएआरटीचं म्हणणं बरोबर आहे पण त्याची लक्षणं वेगळी. तिथे छोटं पिंग जातं आणि मोठं पान अर्ध्यात लटकतं, आयएफकॉन्फिगमध्ये एररचा आकडा वाढत राहतो. इथे तर पहिलंच पाकीट बाहेर पडत नाहीये.

आणि परत इन्स्टॉल करा हा सल्ला कोणालाच देऊ नका राव, त्याने चूक जात नाही, फक्त काय चूक होती ते कळायचं राहतं.

खटपट्या

धन्यवाद दोघांनाही. यूएआरटी १६५५०ए च आहे, सीआरटीएससीटीएस आधीपासून आहे.

रिमोट आयपी पिंग केला. आणि चक्क उत्तर आलं! दीडशे-एकशेसाठ मिलिसेकंद, एकही गळलं नाही. पण डीएनएसचा जो ॲड्रेस लॉगमध्ये दिसतो तो पिंग केला की परत तेच, अनरीचेबल. म्हणजे दारापर्यंत जातंय आणि दाराबाहेर नाही?

राउटचं आउटपुट, टाइप करून देतो:

रिमोट आयपी, मास्क २५५.२५५.२५५.२५५, पीपीपी०
१९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.०, ईटीएच०
०.०.०.०, गेटवे १९२.१६८.१.१, ईटीएच०

आणि लॉगमध्ये एक ओळ मी आधी दिली नव्हती कारण ती एरर वाटली नाही, नुसती माहिती वाटली: नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट राउट टू ईटीएच० १९२.१६८.१.१

ईटीएच० म्हणजे नेटवर्क कार्ड, त्याची वायर धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरला जाते, फायली इकडून तिकडे करायला. त्याचा कॉम्प्युटर आत्ता बंदच आहे त्यामुळे त्याचा काही संबंध नसावा.

चिकित्सक

त्याचाच संबंध आहे. घोडं तिथेच पेंड खातंय.

तुमची शेवटची ओळ बघा, ०.०.०.० वाली. ती डिफॉल्ट राउट, म्हणजे ज्या पाकिटाचा पत्ता दुसऱ्या कुठल्याच ओळीत बसत नाही ते कुठे टाकायचं त्याचा हुकूम. आणि तुमच्या मशीनला हुकूम असा आहे की असलं सगळं भावाच्या कॉम्प्युटरकडे टाक. भावाचा कॉम्प्युटर बंद, त्यामुळे तुमचं कार्ड हाका मारून थकतं आणि तुम्हाला सांगतं की कोणी उत्तर देत नाही. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये दिलेला तो पिंगचा मेसेज परत वाचा, "फ्रॉम १९२.१६८.१.५". हा पाच कोण? तुम्हीच. तुमचंच नेटवर्क कार्ड. पाकीट फोनलाइनवर गेलंच नाही हो, घरच्या घरी परत आलं. रिमोट आयपी मात्र पिंग झाला कारण त्याच्यासाठी पीपीपीडीने वेगळी ओळ टाकलेली असते, पहिली, ती सरळ पीपीपी० वर जाते. (रात्रपाळींनी तो एकच ॲड्रेस पिंग करायला का सांगितला ते आता लक्षात आलं असेल.)

तुमच्या पीअर्स फाईलमध्ये डिफॉल्टराउट हा शब्द असणारच. पण पीपीपीडी सभ्य आहे, आधीच कोणी त्या खुर्चीवर बसलेलं असेल तर उठवत नाही, फक्त लॉगमध्ये लिहून ठेवतो की मी उठवलं नाही. ती ओळ तुम्ही "नुसती माहिती" म्हणून सोडलीत. काही डिस्ट्रोंमध्ये रिप्लेसडिफॉल्टराउट नावाचं ऑप्शन मिळतं, ते जुन्याला उठवतं आणि लाइन तुटल्यावर परत बसवतं. पण तुम्हाला त्याची गरज नाही, कारण मुळात तो गेटवे तिथे असायलाच नको. दोन कॉम्प्युटर एका वायरने जोडले असतील तर त्यांना एकमेकांशी बोलायला गेटवे लागत नाही, दुसरी ओळ पुरेशी आहे. नेटवर्क सेट करताना फॉर्ममध्ये गेटवेची चौकट रिकामी बघवली नाही म्हणून भरलीत ना?

कार्ड काढल्यावर का चाललं ते आता वेगळं सांगायला नको. लाइनबिइन काही नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त आवडली. तुमचा पहिल्या दिवशीचा तो मेसेज. तुम्ही दोन ओळी सांगितल्यात, पण माझ्या अंदाजाने त्या दोनच्या मध्ये कंसात अजून एक ओळ होती, ती तुम्ही गाळलीत. बघा बरं परत.

खटपट्या

थांबा, नोऑथ काढून बघतो.

... हो. आहे. कंसात लिहिलंय, बिकॉज धिस सिस्टिम हॅज अ डिफॉल्ट राउट टू द इंटरनेट.

मी हे चार दिवसांत वीस वेळा बघितलं असेल आणि प्रत्येक वेळी कंस म्हणून सोडून दिलं.

चिकित्सक

तेच. आजार एकच होता, दोनदा तोंड वर काढलं.

पीपीपीडी दोन्हीकडून वापरतात, आपण बाहेर फोन लावायला पण आणि बाहेरच्यांचा फोन घ्यायला पण. त्याला कसं कळणार तुम्ही कोण? मग तो असा तर्क करतो की या मशीनला आधीच इंटरनेटचा रस्ता आहे म्हणजे हे कुठल्यातरी नेटवर्कचं दार दिसतंय, तेव्हा जो कोणी मॉडेमवरून येईल त्याने आपली ओळख पटवलीच पाहिजे. आणि रस्ता नसेल तर समजतो की बिचारा स्वतःच रस्ता शोधतोय, जाऊ दे. तुमचा तो खोटा गेटवे बघून त्याला वाटलं तुम्ही सर्व्हर आहात! म्हणून तो तुमचा पासवर्ड मागत नव्हता, समोरच्या कंपनीने तुम्हाला द्यायचा पासवर्ड मागत होता, जो या जगात कुठे अस्तित्वातच नाही. पॅप-सीक्रेट्स पाच काय पन्नास वेळा लिहिली असती तरी काय फरक पडणार होता.

काही ठिकाणी ऑप्शन्स फाईलमध्ये ऑथ हा शब्द आधीच लिहिलेला येतो, तिथे गेटवे असो नसो हा मेसेज येतोच, फक्त कंसातली ओळ नसते. त्यामुळे नोऑथ तुमच्या पीअर्स फाईलमध्ये राहू द्या, बाहेर फोन लावणाऱ्यासाठी तो बरोबरच आहे. फक्त पीअर्समध्येच ठेवा, सगळ्यांना लागू होणाऱ्या ऑप्शन्स फाईलमध्ये नको, उद्या कधी याच मशीनवर बाहेरून फोन घ्यायला लागलात तर कोणीही आत येईल.

आत्तापुरतं: रूट होऊन राउट डेल डिफॉल्ट, मग फोन लावा. चाललं तर नेटवर्कच्या सेटिंगमधली गेटवेची ओळ कायमची काढा, नाहीतर मशीन रिस्टार्ट केलं की परत येईल. आणि एमटीयू १५०० वर परत न्या, २९६ वर उगाच रांगत बसाल.

बीएसडीवाला

अवांतर: हे वाचून फ्रीबीएसडीच्या युजर-पीपीपीची आठवण झाली. त्याचा प्रॉम्प्टच सांगतो गाडी कुठे आहे. सुरुवातीला तीन छोटे पी. एलसीपी जमलं की पहिला पी मोठा होतो, ओळख पटली की दुसरा, आयपी ठरला की तिसरा. तीन मोठे पी दिसले की समजायचं आपण आत. रात्री दिवा बंद करून नुसतं त्या प्रॉम्प्टकडे बघत बसायचो, दुसरा पी मोठा व्हायला लागला तेवढा वेळ जीव टांगणीला. लिनक्सवाल्यांना लॉग चाळत बसावं लागतं, असो, धागा भरकटवत नाही.

(पण तुमचा प्रॉब्लेम तिथेही झाला असता, तीन मोठे पी दिसूनही, कारण राउटची भानगड पीपीपीच्या पुढची आहे. प्रामाणिकपणे सांगितलं.)

खटपट्या

चाललं!!! गेटवे काढला, फोन लावला, डीएनएसचा ॲड्रेस पिंग झाला, मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो.

चिकित्सक, रात्रपाळी, दंडवत. आणि हो, गेटवेची चौकट रिकामी बघवली नाही हे शंभर टक्के खरं आहे, भावाने विचारलं पण होतं "इथे काय भरायचं" आणि मी मोठ्या भावाच्या थाटात म्हणालो माझा नंबर तुझ्यात, तुझा नंबर माझ्यात.

आता एक शेपूट राहिलंय. नावाने पण उघडतंय, म्हणजे रिझॉल्व्ह-कॉन्फ फाईलमध्ये लॉगमधले दोन्ही डीएनएस मी हाताने शेवटी लिहिले. पण प्रत्येक नवीन साइट उघडताना आधी काही सेकंद सगळं गप्प, मॉडेमचे दिवे पण शांत, आणि मग एकदम भडाभडा यायला लागतं. त्याच साइटवर फायली उतरवताना स्पीड मस्त येतोय, साडेचार-पाच किलोबाइट. हे गप्प बसणं कशामुळे?

रात्रपाळी

"शेवटी लिहिले" म्हणालात, मग सुरुवातीला काय आहे? नेमसर्व्हर १९२.१६८.१.१ ना? :)

तिथेही तुमचा भाऊच बसलाय. रिझॉल्व्हर यादीतल्या पहिल्याला आधी विचारतो, उत्तर आलं नाही की दुसऱ्याकडे जातो. थांबायची ठरलेली मुदत ५ सेकंद, मधे नेटवर्कनेच नकार कळवला तर थोडा आधी सुटतो. बंद कॉम्प्युटरला प्रत्येक वेळी "अमुक साइटचा नंबर काय रे" विचारतोय आणि वाट बघतोय. मॉडेमचे दिवे शांत असतात कारण प्रश्न फोनलाइनवर गेलेलाच नसतो, कार्डावरून भावाकडे गेलेला असतो. फायली उतरवताना त्रास नाही कारण नंबर एकदा कळला की परत विचारावा लागत नाही.

ती ओळ उडवा. आणि डीएनएस हाताने लिहू नका, उद्या त्यांनी बदलले की परत इथेच याल. पीअर्स फाईलमध्ये यूजपीअरडीएनएस लिहा. त्याने पीपीपीडी मिळालेले ॲड्रेस ईटीसीतल्या पीपीपी फोल्डरात एक वेगळी रिझॉल्व्ह-कॉन्फ बनवून त्यात ठेवतो. लक्षात घ्या, ही मुख्य फाईल नाही, पीपीपी फोल्डरातली आहे, इथे बरेच जण फसतात, ऑप्शन टाकलं तरी काही होत नाही म्हणून ओरडतात. मुख्य फाईलच्या जागी त्या फाईलची सिमलिंक (तिच्याकडे नेणारा दुवा) करा, किंवा आयपी-अप स्क्रिप्टमध्ये कॉपी करायची एक ओळ टाका, लाइन जुळल्यावर ती स्क्रिप्ट आपोआप चालते आणि दोन्ही ॲड्रेस तिला डीएनएस१ आणि डीएनएस२ या नावाने मिळतात. भावाच्या कॉम्प्युटरचं नाव होस्ट्स फाईलमध्ये लिहा, त्यासाठी डीएनएस कशाला.

नवखी

मध्येच विचारते, चालेल ना? माझं गाडं याच्या बरंच आधी अडतं. कनेक्ट येतं आणि मग लॉगमध्ये एलसीपी कॉन्फिग रिक्वेस्ट पाठवल्याच्या ओळीच ओळी आणि शेवटी सीरियल लाइन इज लूप्ड बॅक. केबल चुकीची आहे का? कोणीतरी म्हणालं कार्डावर जंपर बदल, मला तर जंपर कुठे असतो तेच माहीत नाही.

चिकित्सक

चालेल की, पण जंपर शोधू नका. केबल चुकीची असती तर मॉडेमने डायल तरी कसं केलं असतं?

लूप्ड बॅकचा अर्थ एवढाच की पीपीपीडीने जे पाठवलं तेच जसंच्या तसं परत आलं. प्रत्येक बाजू आपल्या रिक्वेस्टमध्ये एक मॅजिक नंबर घालते, आणि आपलाच नंबर आपल्याकडे आला की पीपीपीडी ओळखतो की मी आरशाशी बोलतोय. आता फोनच्या पलीकडे आरसा कोण असतं? लॉगिन प्रॉम्प्ट. तिकडचं मशीन "लॉगिन" लिहून थांबलंय, तुम्ही जे काही टाइप कराल ते ते परत दाखवतंय, जसं कुठलंही टर्मिनल दाखवतं, आणि तुमचा पीपीपीडी त्याला पाकिटं पाठवतोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

खात्री करायला मिनिकॉम (मॉडेमशी हाताने बोलायचा प्रोग्रॅम) उघडा आणि हाताने फोन लावा, एटीडीटी आणि पुढे नंबर. कनेक्ट आल्यावर हात कीबोर्डवरून काढून स्क्रीनकडे बघा, वाटल्यास एकदा एंटर मारा. लॉगिन दिसलं तर युजरनेम द्या, मग पासवर्ड. त्यानंतर जर असला कचरा यायला लागला

~ } # ! } ! } ~

म्हणजे सुरुवातीला शेवटी लाटेसारखं चिन्ह आणि मधे महिरपी कंसांची जत्रा, तर खूश व्हा, तो कचरा नाही, ते पीपीपीच आहे, तिकडून पहिली एलसीपी रिक्वेस्ट आलीये. मिनिकॉममधून कंट्रोल-ए आणि मग क्यू ने बाहेर पडा, त्याने मॉडेम रिसेट होत नाही, लाइन तशीच राहते. आता चॅट स्क्रिप्टमध्ये कनेक्टच्या पुढे हेच सगळं लिहा, "ओगिन" दिसलं की युजरनेम, "वर्ड" दिसलं की पासवर्ड. पहिलं अक्षर मुद्दाम सोडायचं, कुठे ते कॅपिटल असतं कुठे छोटं, आणि कधी कधी ते कनेक्टच्या गडबडीत हरवतं सुद्धा.

आणि जर लॉगिन न दिसता कनेक्टनंतर थेट तो कंसांचा पाऊस आला तर माझा अंदाज चुकला, मग पूर्ण लॉग टाका.

नवखी

लॉगिन दिसलं! युजरनेम पासवर्ड दिल्यावर एक मेनू आला, १ टर्मिनल, २ पीपीपी, असं काहीतरी. २ दाबल्यावर तुम्ही म्हणालात तो कंसांचा पाऊस सुरू. मग चॅट स्क्रिप्टमध्ये तो २ पण लिहू ना?

चिकित्सक

हो, तोच राहिला होता. मेनूच्या प्रश्नातला शेवटचा शब्द बघून ठेवा, तो दिसला की २.

खटपट्या

सिमलिंक केली, भावाची ओळ उडवली, गप्प बसणं बंद. आता साइट लगेच उघडते, म्हणजे डायल-अपवर जेवढं लगेच म्हणतात तेवढं.

फक्त भाऊ आत्ता मागे उभा राहून म्हणतोय की तुझं झालं, आता माझ्या कॉम्प्युटरवर पण याच लाइनवरून चालू कर. त्याच्याकडे गेटवेमध्ये माझा १९२.१६८.१.५ भरलेलाच आहे, तो तरी राहू देऊ का?

रात्रपाळी

तो राहू द्या, त्याच्याकडचा बरोबर आहे, आता तुम्ही खरंच दार झालात. पण तुमच्या मशीनवर आयपी फॉरवर्डिंग (त्याची पाकिटं पुढे ढकलणं) आणि मास्करेडिंग (ती तुमच्या ॲड्रेसने बाहेर पाठवणं) दोन्ही चालू करावं लागेल, त्यासाठी नवीन धागा काढा, आणि कर्नलचा व्हर्जन नंबर पहिल्याच पोस्टमध्ये द्या. लॉग पण. कंसातल्या ओळींसकट.